एकाच वाट्यात सगळ्यांचे हात

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण आज हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही. मरोळच्या त्याच इमारतीत मी अजून आहे. आपण बांधलेलं हॉस्पिटलचं सॉफ्टवेअरही चालतंय, म्हणजे कालपर्यंत नीट चालत होतं. काल एका बाईंनी स्वतःचा रिपोर्ट उघडला आणि त्यांना दुसऱ्याच कुणाचा कॅन्सरचा रिपोर्ट दिसला. त्यांच्या घरी रडारड झाली, मग आम्हाला फोन आला.

तुम्ही मला शिकवायला बसलात तो दिवस आठवतो. स्क्रीन तुकड्यातुकड्यांनी बनवायची, प्रत्येक तुकडा म्हणजे एक कंपोनंट. तो सर्व्हरवर राहतो आणि समोरच्या माणसाने काय भरलं, काय उघडलं ते तिथेच लक्षात ठेवतो. माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. मग तुम्ही डब्यातले तळलेले बोंबील झाकणावर वेगवेगळे मांडलेत. "आमची आय बाजारात असेच वाटे मांडायची. हा तुझा, हा माझा. तुझ्या वाट्यात माझा हात नाय गेला पाहिजे. गेला की वाट लागली, समजलं काय रे?" आणि मोठा वाटा माझ्याकडे सरकवलात. मी समजलं म्हणालो आणि दोनच महिन्यांत रिपोर्टच्या कंपोनंटमध्ये एक शब्द लिहून बसलो, स्टॅटिक. त्या शब्दाने सगळ्यांना मिळून एकच वाटा झाला आणि एकाने उघडलेला रिपोर्ट दुसऱ्याला दिसू लागला.

तेव्हा साहेबांनी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "कुणी लिहिलंय हे?" मी बुटांकडे बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "टीम माझी आहे. मीच लिहिलंय असं समजा." तुमची टीम काढून घेतली, वर्षभरात तुम्ही नोकरी सोडलीत. पण त्या दिवशी बाहेर आल्यावर मला एवढंच विचारलंत, "आणखी कुठे टाकलायस का तो शब्द? आत्ताच सांग." मी नाही म्हणालो. टाकला होता, सर. जुन्या रिपोर्टांच्या स्क्रीनवर तोच तुकडा जसाच्या तसा चिकटवला होता. ती स्क्रीन रेकॉर्ड रूममधला एकच माणूस वापरायचा, म्हणून इतकी वर्षं निभावलं. गेल्या आठवड्यात ती सगळ्या पेशंटसाठी खुली केली.

आमच्याकडे एक नवी मुलगी आहे. तिने त्या स्क्रीनच्या फाइलमधल्या ओळी फक्त सरळ लावल्या, पण त्याआधी कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद कुठेच उरलेली नाही, त्यामुळे आता प्रत्येक ओळीसमोर तिचंच नाव दिसतं. "सर, मी फक्त स्पेसेस नीट केल्या, आईशप्पथ. तुम्ही सांगा ना त्यांना," ती मघाशी म्हणाली. तीही मला सरच म्हणते. मी "बघतो" म्हणालो. मला माझीच किळस आली. चार वाजता मीटिंग आहे, त्यात तिला काढणार हे ठरल्यासारखंच आहे.

आता साडेतीन झालेत. तुम्ही गेलात तेव्हा मी वर्सोव्याला तुमच्या घरीही आलो नाही, तुमच्या आईला काय तोंड दाखवणार होतो? साहेबांना पाठवायची मेल शेजारी उघडून ठेवली आहे, तिच्यात अजून एक अक्षर नाही. तुम्हाला मात्र एवढं सगळं लिहून झालं, कारण तुमचं उत्तर येणार नाही.