लांडग्याची बाजू

आबा, तुमच्या लांडग्यानं आज कप आणला. पितळेचा नाही, वरनं नुसता सोनेरी मुलामा आहे आणि आत्ताच त्याचा एक कान हलतोय, पण सुनेनं तो टीव्हीवर गणपतीच्याही पुढं मांडलाय. सोसायटीतल्या तीन बायका बघून गेल्या, चौथी येईल म्हणून मी चहाचं आधण उतरवलेलंच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत. पण दुसरीपर्यंत शाळेत घातलंत ते तुम्हीच, धनगराच्या पोरीला अक्षर कशाला असं सगळी वाडी म्हणत असताना. तेव्हा हे वेडंवाकडं तुम्हालाच.

मी आता कोपरखैरण्यात असते. तुमचे जावई कांद्याच्या मार्केटात माथाडी होते, त्यांच्यामुळं ही जागा. ते गेले, आता लेक, सून आणि एक नात. खिडकीतून खाडीचा वास येतो, मेंढराचा कधी नाही. इथं दुधाची पिशवी फाटली तरी माणसं टेन्शन घेतात. तर नातीचं सांगत होते. नववीत आहे. मागच्या साली भाषणाच्या स्पर्धेत उभी राहिली आणि अर्ध्यावर सगळं विसरली. माईकपुढं नुसती उभी. खाली उतरली ती थेट माझ्या पदरात. तेव्हापासून वर्गात हातसुद्धा वर करायची नाही. यंदा बाईंनी परत तिचं नाव घातलं, वादविवादाला. समोर वाशीच्या शाळेतली मुलगी. विषय पार अमेरिकेतला, बाईंनी पेपरात वाचलेला. तिकडं एका भल्यामोठ्या रानातले लांडगे पूर्वी मारून संपवले होते, ते आता दुसऱ्या मुलखातून पिंजऱ्यात घालून आणून सोडलेत. का, तर तिथं एल्क नावाची हरणं आहेत, आपल्या सांबरापेक्षा थोराड, ती फार झाली आणि नदीकाठची कोवळी झाडं वर येऊ देईनात. कुणी म्हणतं बरं केलं, कुणी म्हणतं आता हरणं संपतील आणि गुराख्यांची वासरं जातील. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं त्याच्या चिठ्ठ्या उचलल्या. आमच्या वाट्याला लांडगा आला.

पोरगी दप्तर टाकून भिंतीकडं तोंड करून बसली. "आजी, लांडग्यासाठी कोण टाळ्या वाजवणार? मी नाव काढून घेते." सोमवारपर्यंत तशी मुभा होती. मला कळत होतं, आता नाव काढलं तर ही पुन्हा कधी उभी राहायची नाही. मी मटार सोलत होते. म्हटलं, तुझे पणजोबा जन्मभर त्याच बाजूनं बोलले, आणि स्वतः मेंढरंवाले होते. तिनं तोंड वळवलं. मग मटार राहिले तसेच.

आठ वर्षांची आहे मी. माणदेशातलं आपलं उघडं रान, दिवस नुकता उगवलाय. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, मेंढरं एकमेकांना ढकलताहेत आणि माझं पांढऱ्या कपाळाचं कोकरू त्यांच्यात नाही. ओढ्याकडं पंजे उमटलेत. मी मातीत लोळण घेते. तुम्ही कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढता, त्या दिशेनं उधळता आणि म्हणता, त्यानं वाटा नेला. मी ओरडते, मारा त्याला. तेव्हा तुम्ही म्हणता, "लांडगा हाय म्हनून मेंढरू मान वर करतं. मान वर केली म्हनून पुढं सरकतं. पुढं सरकलं म्हनून मागं गवत येतं." मला गवताशी काय करायचं होतं. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही दुधात कुस्करून दिलेली भाकरी कुत्र्याला घातली.

दोन वर्षांनी वरच्या वाडीनं विष घालून लांडगे मारले. त्या उन्हाळ्यात आपली मेंढरं ओढ्याच्या काठाला जी बसली ती उठेनातच. भ्यायचं कुणाला? करंजाचा, लिंबाचा एक कोंब ठेवला नाही. पावसाळ्यात काठ ढासळला, आपला प्यायचा झरा गाळानं बुजला. तुम्ही नुसते त्या गाळात उभे राहिलात. हे सगळं नातीनं वहीत उतरवून घेतलं. मग वाचनालयात जाऊन आली आणि म्हणाली, तिकडंही तसंच, आजी, एल्क नदीकाठी ठाण मांडून बसायचे, आता त्यांना हलावं लागेल असं लोकांना वाटतंय. नक्की काय होईल ते अजून कुणाला ठाऊक नाही, हेही तिनं खाली लिहिलं. मला ते आवडलं.

आज मी इरकली नेसून तिसऱ्या रांगेत बसले. वाशीची मुलगी बोलायला लागली ती झऱ्यासारखी, कुठं अडखळणं नाही. शेवटी म्हणाली, "शहरात बसून लांडग्याचं कौतुक सोपं आहे. ज्याचं कोकरू गेलं, त्याला जाऊन विचारा." काय टाळ्या पडल्या. माझेही हात उचलले गेले होते, खरं सांगते. मग आमची उठली. माईकपुढं गेली आणि गप्प. मागच्या सालासारखीच गप्प.

"विचारलं," ती म्हणाली. "माझ्या आजीचं गेलं होतं. ती तिसऱ्या रांगेत बसलीय."

सगळ्या माना माझ्याकडं. मी पदर सारखा केला, दुसरं करणार काय. मग तिनं ओढा सांगितला, गाळ सांगितला, एल्क सांगितले, आणि तुमचं ते वाक्य तुमच्याच बोलीत म्हटलं, 'हाय'चा 'आहे' न करता. परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि मागचे लोक, बसा आजी, दिसत नाही, म्हणत होते. बसले नाही. वाशीची पोर गुणाची, पाया पडायला आली. खरंच कोकरू गेलं होतं का, म्हणाली. म्हटलं, खरंच गेलं होतं गं.

हा कागद घडी करून कपात घालणार होते, तिथं कोण बघतंय. पण एक राहिलं. ते नातीला सांगितलं नाही, तुम्हाला तर कधीच नाही. आदल्या सांजेला वाघरीची एक खुंटी मी उपटली होती, कोकरू माझ्या घोंगडीत घ्यायला. आईनं हाक मारली म्हणून त्याला परत आत ढकललं, खुंटी माझ्या ताकदीनं रोवली आणि दोरीला मला येत होती ती वेणीची गाठ मारली. सकाळी भंडारा उधळून झाल्यावर तुम्ही त्या कलंडलेल्या खुंटीपाशी उकिडवे बसलात. वेणीची गाठ सोडवलीत, आपली मारलीत, आणि माझ्याकडं न बघता मेंढरं हाकलीत.

आणि चार दिवस रुसून बसले होते मी.