दंडावरच्या काळ्या फुल्या

कडा, मंगळवार, संध्याकाळ

सून पिशवी भरतेय. गाडी येईपर्यंत लिहिते.

संजू, माझा चाळिशीतला मुलगा, लेकीला, चिऊला, पाठीवर घेऊन ओसरीत घोडा-घोडा खेळत होता. दोघं नुसती खिदळत होती. त्याची बाही वर सरकली आणि डाव्या दंडावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या दिसल्या.

“हे काय रे?”

“वात हाय गं आई. हात लई दुखायलाय, म्हणून बिब्बा लावला.”

“डावा हात दुखतो आणि डॉक्टर सोडून बिब्बा? बैल आहेस का तू?”

“कावून वरडायलीस? बैलाला गुण येतोच की.”

तेवढ्यात चिऊ म्हणाली, “आजी, घोडा सारखा खाली बसतो. त्याला घाम येतो.”

संजूनं तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

फवारणीच्या औषधाची बाटली चष्मा लावून वाचणारा हा शहाणा, स्वतःचं दुखणं फुल्या मारून मिटवतो! किती दिवस लपवल्या त्या फुल्या? मला कशा दिसल्या नाहीत? मिशनच्या शाळेत सिस्टरनी शिकवलेली प्रार्थना म्हणायला गेले, तर तोंडातून शिव्याच आल्या.

“आत्ताच्या आत्ता नगरला, हृदयाच्या डॉक्टरकडे,” मी म्हणाले आणि उलट उत्तराची वाट पाहत उभी राहिले. लहानपणापासून माझ्या एका वाक्याला त्याची दोन ठरलेली.

“बरं, आई,” तो म्हणाला, आणि भिंत धरून उठला.

भांडला असता तर मी एवढी घाबरले नसते.