जरा खाली बसा ना

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात हे ठाऊक आहे, पण नात्याने मी मोठी पडते, तेव्हा ठेवून घ्या. जड झाले तर निम्मे जाऊबाईंना द्या.) तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका असं सांगितलंय म्हणे. ते तर तुम्ही लहानपणापासूनच पाळत आला आहात, त्यासाठी वेगळी फी का घेतली कोण जाणे. जाऊबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? त्यांना म्हणावं, वरच्या मजल्यावर काही विशेष नसतं, खालीच बसा. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त हल्ली ऐकू जास्त यायला लागलंय. हे पत्र त्याचंच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

हे गेल्यापासून यांच्या रेकॉर्डवाल्या मंडळींच्या बैठकीला यांच्या जागी मी जाते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. बैठक रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत भरते, कारण एवढे मोठे स्पीकर आणखी कुणाच्या घरात बायकोने ठेवू दिलेले नाहीत. भिंतीवर किडलेल्या दाढांची रंगीत चित्रं आहेत आणि टेबलावर प्लास्टरचा एक भलामोठा जबडा. त्या जबड्याला टेकवून रेकॉर्डचं कव्हर उभं करायचं आणि सगळ्यांनी बाकांवर बसून ऐकायचं. पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं ते रीत म्हणून. मी थोडी रडेन, चहा घेईन आणि पुन्हा येणार नाही अशी त्यांची समजूत होती. मी चहा घेतला आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. आता ते मला घाबरतात, पण बिस्किटं मी नेते, त्यामुळे काही बोलत नाहीत.

ही मंडळी फक्त रॉक ऐकतात, आणि त्यातही फक्त लाइव्ह, म्हणजे लोकांसमोर वाजवताना जसं झालं तसं भरून घेतलेलं. माझं शिक्षण शाळेपुरतं, पण यांच्या रेकॉर्डच्या पाठीमागचा बारीक मजकूर मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढला आहे. ('एन्कोर' हा शब्द मी बरेच दिवस 'एनकोअर' असा वाचत होते आणि ती एखादी कंपनी असावी असं धरून चालले होते. नंतर कळलं की कार्यक्रम संपल्यावर मंडळी गेल्यासारखं करतात आणि लोकांनी ओरडा केला की परत येऊन वाजवतात. म्हणजे तुम्ही आमच्याकडून निघताना चपला घालून दारात तासभर बोलता, तेच. फरक एवढाच की तुम्हाला कुणी ओरडून बोलावलेलं नसतं.)

तर या वेळी ठरलं असं की आजवरची सगळ्यांत थोर लाइव्ह रॉक रेकॉर्ड कोणती याचा एकदा निकाल लावून टाकायचा. प्रत्येकाने आपली एक आणायची, तिची बाजू मांडायची, शेवटी हात वर करायचे. दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं, थोर रेकॉर्ड म्हणजे स्वच्छ रेकॉर्ड. प्रत्येक वाद्य वेगळं आणि लख्ख ऐकू आलं पाहिजे. (त्यांना प्रत्येक गोष्ट घासलेली लागते.) बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, थोरपण दमसासात असतं, आणि त्यांनी एक ड्रमवाला एकटाच बडवत सुटतो अशी रेकॉर्ड लावली. तो बडवत असताना मी बिस्किटं वाटली, कप विसळून आणले, परत येऊन बसले, तो आपला बडवतच होता. तिसरे आहेत त्यांना सगळे अंपायर म्हणतात, कारण ते स्वतःचं मत कधीच देत नाहीत, दुसऱ्याचं मत नापसंत पडलं की नुसतं बोट वर करतात. त्यांनी दोघांनाही बाद दिलं.

मग माझी पाळी. मी म्हटलं, स्टुडिओत केलेली रेकॉर्ड म्हणजे फोटोवाल्याकडे भांग पाडून, हनुवटी वर करून काढलेला फोटो. माणूस दिसतो चांगला, पण तो तो नसतो. लाइव्ह म्हणजे डोक्याला तेल लावून बसलेलो असताना पाहुणे आत आले तसं. गाणारा दुसरं कडवं विसरतो आणि मैदानावरचे लोक ते म्हणून टाकतात. गिटारची तार तुटते आणि ती बदलून होईपर्यंत बाकीचे तिघं एकमेकांकडे बघत काहीतरी वाजवत राहतात, आणि नेमकं तेच पुढे लोकांना पाठ होतं. कुणी खोकतं. कुणी टाळी फार लवकर वाजवतं आणि एकटं पडतं. यातलं काहीही कुणी ठरवून केलेलं नसतं आणि पुन्हा करा म्हटलं तर कुणालाच करता येणार नाही, म्हणून ती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकावी लागते. एवढं बोलून मी आपली रेकॉर्ड जबड्याला टेकवली. अंपायरांचं बोट वर गेलं नाही.

आपली रेकॉर्ड म्हणजे कोणती ते तुम्हाला सांगायला नको, तरी लिहिते. काळ्या कव्हरची, तुम्ही दोघे भाऊ कॉलेजात असताना ज्या कार्यक्रमाला गेला होतात त्याचीच. तिच्या दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्याआधी सगळं मैदान चिडीचूप होतं आणि त्या शांततेत एक माणूस ओरडतो, 'जरा खाली बसा ना!' तो आवाज आपला, असं यांनी मला लग्नानंतर लगेच सांगितलं. समोर कुणीतरी दांडगट उभा होता, मागच्यांना दिसेना, म्हणून त्याला यांनी बसवलं. आणि तो आवाज आपला, असं तुम्हीही दरवेळी सांगत आलात. तुम्ही आलात की रेकॉर्ड लागायची, वाद व्हायचा, चहा गार व्हायचा. मी अर्थातच यांच्या बाजूने. (तुमच्या भावाचं कपाट तुम्ही नेलंत, सायकल नेलीत, आता निदान आवाज तरी ठेवा, असं मी जाऊबाईंना म्हटलं होतं. त्यांनी ते तुम्हाला सांगितलं नसेल तर आता कळलं.) कुणाला बसवलंत, असं मी विचारलं की मात्र तुम्ही छताकडे बघायचात. मी म्हणायचे, बघा, खोटं बोलणाऱ्याला पुढचं सांगता येत नाही.

एरवी ही सगळी गंमतच होती. पण भाऊजी, यांचा आवाज आता कुठेच नाही. फोनवर हे नुसतं 'हं' म्हणायचे. नातवाच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत हे आहेत, पण केक खाताना. घरातल्या यांच्या वस्तू मी हळूहळू वाटून टाकल्या, कपडे दिले, चष्मा दिला, आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, कारण ते एक वाक्य माझ्याजवळ होतं. भाजी चिरताना मी रेकॉर्ड लावते, सुई तिथे येईपर्यंत चिरते, वाक्य ऐकते आणि मग गॅस पेटवते. माझं रडणं-बिडणं एवढंच. वेळ ठरलेली असली की बरं पडतं.

आता झालं असं की डॉक्टरांना आपली रेकॉर्ड मनापासून आवडते, पण तो ओरडा त्यांना दातात अडकल्यासारखा खुपतो. त्यांच्याकडे संगणकावर काहीतरी सोय आहे, तिच्यात खरखर, खोकला, आरडाओरडा सगळं वेचून काढता येतं. ते मला चांगल्या मनाने म्हणाले की वहिनी, तेवढा एक आवाज मी काढून देतो, मग ती निर्मळ होईल आणि माझंही मत तिलाच. मी म्हटलं, डॉक्टर, तो आवाज माझ्या नवऱ्याचा आहे. त्यांना ते ठाऊक नव्हतं. (हे तिथे कधी बोललेच नव्हते. का बोलले नसतील ते आता कळतंय.) बिचारे एकदम वरमले, आणि मग त्यांनी मुद्दाम, माझ्याखातर, त्या जागी आवाज पूर्ण मोठा करून रेकॉर्ड लावली.

तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आत आले. गालफड सुजून भोपळा झालेलं, त्यावर रुमाल बांधलेला. रविवारी दवाखाना बंद असतो, पण आतून एवढा दणदणाट येतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं असावं की काम जोरात चालू आहे. डॉक्टरांनी त्यांना हातानेच बसा म्हटलं, ते बाकाच्या टोकाला बसले आणि गाल धरून ऐकू लागले. मैदान गप्प झालं. मी डोळे मिटले. आवाज आला. रेकॉर्डला त्या जागी चरा आहे, आमच्या घरच्या मशीनवर पहिला शब्द नेहमी अर्धा खरखरीत जातो. त्या स्पीकरांवर चरा एकीकडे आणि शब्द एकीकडे झाला. पण मला तरीही तेच ऐकू आलं, कारण मला तेच सांगितलेलं होतं.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले की किती सभ्य माणूस, ओरडतानासुद्धा 'जरा' म्हणतोय. तेव्हा तो सुजलेला गाल बोलला. तोंड उघडत नव्हतं, तरी बोलला.

"जरा नाही. दादा म्हणतोय. 'दादा, खाली बस ना.' आमचा धाकटा मला असाच ओरडतो."

डॉक्टरांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. दादा, खाली बस ना. पुन्हा ठेवली. एकदा ऐकल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. तुम्ही दोघंच भाऊ. यांना दादा म्हणायला कुणी नव्हतं, आणि दादा म्हणणारे तुम्ही.

बँकवाल्यांनी बिस्किट अर्धं चावून तसंच धरलं होतं. मला आधी वाटलं, गेलं, हेही गेलं. चष्म्यासारखं हेही आता दुसऱ्याच्या घरी गेलं. डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसले आणि अगदी हळू म्हणाले,

"वहिनी, मग आता काढू का तो आवाज?"

"आता तर मुळीच नाही," मी म्हटलं. "माझा नवरा उभा आहे तिथे."

म्हणजे बघा ना. एवढं मैदान माणसांनी भरलेलं, आणि त्यात एकच माणूस असा उभा की मागच्यांना दिसेना, सख्ख्या भावाला ओरडावं लागलं, आणि ते ओरडणं जगभरच्या घराघरांत पोचलं. तो दांडगट म्हणजे हे! ज्यांनी माझ्यासमोर कधी ताल धरला तर तो मांडीवर एका बोटाने, तेही उशीखाली हात असल्यासारखा. लग्नाकार्यात शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची धरायची, कारण मध्येच उठावं लागलं तर कुणाला त्रास नको. असा माणूस, आणि उभा. आवाज तुमचा हे मी मान्य करते, भाऊजी, पण तो ज्याच्यामुळे काढावा लागला तो माणूस आमचा.

मत घेतलं तेव्हा आपली रेकॉर्ड एका मताने जिंकली. ते एक मत सुजलेल्या गालाचं होतं. बँकवाल्यांनी हरकत घेतली की ते सभासद नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांची दाढ मी आत्ता काढणार आहे, म्हणजे ते आमचेच. अंपायरांकडे सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

बाकी सगळं क्षेम आहे. जाऊबाईंना नमस्कार नको, त्या लहान आहेत, आशीर्वादच सांगा. आणि तुमच्या कंबरेला माझ्यातर्फे सलाम.

तुमची,
वहिनी

ता. क. वरचं सगळं वाचून तुम्ही जाऊबाईंना हाक मारून 'बघ, मी म्हणत नव्हतो!' असं म्हणाल. एकदाच म्हणा. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकून घेतील, पुढे नाही.

ता. क. कपाट आणि सायकल तुमच्याकडेच राहू द्या. मला ते काही नको. मला एक लिहून हवं आहे. तुम्ही एवढी वर्षं छताकडे का बघत होतात ते आता कळलं. यांनी तुम्हाला शपथ घातली असणार. आता रागवायला हे नाहीत, आणि मी रागवणार नाही. तेव्हा हे कसे उभे होते ते सविस्तर लिहा. हात वर होते का? तोंडाने म्हणत होते का? नाचत होते का, की नुसतेच उभे? शर्ट खोचलेला होता का बाहेर आला होता? तुमचं अक्षर वाईट आहे, पण मला वाचता येतं.

ता. क. तुम्ही ओरडल्यावर हे बसले का, ते रेकॉर्डवर कळत नाही, लगेच शेवटचं गाणं सुरू होतं. बसले असतील तर तेवढं लिहू नका.