दुधाच्या आजीला मिश्या

ओबाताके
मेइजी बादशहाचं ४२वं वर्ष, मुळे उपटायचे दिवस

धाकट्या गेनशिचीला थोरल्या तोयोचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. माझे गुडघे कुरकुरतात, दात दोन उरलेत, पण ते एकमेकांना भेटत नाहीत. सूनबाई साता लिहितेय. अक्षर तिचं, तोंड माझं.

तुझं पत्र पोचलं. नातू झाला, बरं वाटलं. बाळंतिणीला दूध उतरत नाही, म्हणून आमच्या दुधाच्या आजीपुढे तू तीन दिवस टाळ्या वाजवून हात जोडतोयस, हेही कळलं. आजी तुझ्याकडे आहे, असं तू लिहितोस. त्याकडे येतेच.

तू जन्मलास तेव्हा आईलाही दूध नव्हतं. मी सात वर्षांची. झऱ्याकाठच्या आजीच्या देवळात, पांढऱ्या कापडातल्या त्या ओल्या दगडापुढे, पेज ठेवून आले. तिसऱ्या दिवशी तू पोटभर पिऊन ढेकर दिलास. देवळाचा इतिहास एवढाच, आणि तो तुला पाठीवर घेऊन मी शंभरदा सांगितलाय.

गेल्या वर्षी तू तालुक्याच्या मोठ्या देवळाचा पुजारी म्हणून देवळांची नोंद करायला सरकारी कागद घेऊन आलास.

"ताई, देवाचं नाव?"

"दुधाची आजी."

"असलं नाव सरकारात चालत नाही गं."

"का? सरकारला कुणी पाजलंच नाही वाटतं?"

तू हसलास. लिहिलंस. मी म्हटलं, वाचून दाखव. तू वाचलंस, "दुधाची आजी, फार जुनी." मी अंगठा दिला.

एकाच देवाची देवळं एकत्र करायचा हुकूम आला तेव्हा कळलं, कागदावर होता हाचिमान, युद्धाचा देव. आमच्या आजीला तू मिश्या लावल्यास. तुझ्या देवळातही हाचिमानच. मग एका देवाला दोन घरं कशाला? आमचं मोडलं, भोवतीची कापराची झाडं तोडली, आणि पांढऱ्या कापडातला दगड पालखीतून तुझ्याकडे नेला. परक्यानं फसवलं असतं तर आईवरून शिवी दिली असती. तुला कशी देऊ? आई एकच.

आता ऐक. ते कापड पुजाऱ्यानंही उघडायचं नसतं. म्हणून पालखी यायच्या आदल्या दुपारी मी उघडलं. तू टाळ्या वाजवतोस तो माझ्या लोणच्याच्या पिंपावर दाबाला ठेवायचा दगड आहे. आजी पिंपावर बसलीय. यंदा मुळे छान मुरलेत. साताचा हात थांबलाय. लिही गं, पाप माझं.

बाळंतिणीला नि बाळाला पाठव. पेज मी करीन. तू येऊ नकोस.

खाली अंगठा माझाच. या वेळी मजकूर दोघींकडून वेगवेगळा वाचून घेतलाय.

तुला पाठीवर वाहिलेली,
तोयो