आईचा हातमोजा

टोलेबी,
संत लॉरेन्सच्या सणानंतरचा तिसरा दिवस

चिरंजीव तोके यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

लुंडच्या लोकांनी तुला आर्चबिशप म्हणावं, वाकून तुझ्या अंगठीचं चुंबन घ्यावं. मी तुझं नाक पुसलेलं आहे, मला 'चिरंजीव'च जमतं. हे पत्र तुझ्या लेखनिकाने उघडलं असेल, तर त्याने इथेच थांबावं आणि गुपचूप तुझ्या हातात द्यावं. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण माझं स्वतःचं आहे. तुझ्या मेहुण्याने, केटिलने शिकवलं तेवढं येतं.

इकडे सगळं ठीक. शेतातली राय निम्मी कापून झाली. यंदाचे हेरिंग मासे अजून आले नाहीत, पिंपाच्या तळाशी उरलेले जुने खारवलेलेच खातोय आणि वरून बिअर पितोय, म्हणजे खारटपणा कळत नाही. केटिलचे गुडघे सकाळी वाजतात, मग दिवसभर बरे असतात. डुकरिणीला नऊ पिल्लं झाली. त्यातलं एक अगदीच मरतुकडं होतं, त्याला मी चुलीपाशी ठेवून दुधावर वाढवते आहे. केटिल म्हणाला, "नाव तेवढं ठेवू नकोस हं, नाहीतर नाताळात कापू देणार नाहीस." ठेवलं मी नाव. राइनर.

हो, तुझ्याच राइनरवरून. तुझा हुकूम घेऊन आला होता ना तो गेल्या आठवड्यात. गुलाबी, गुबगुबीत, आणि आल्या आल्या खायला मागणारा. तीन हेरिंग संपवले, बोटं पुसली आणि उभं राहून हुकूम वाचला. आधी लॅटिनमध्ये, मग आमच्या भाषेत. संत मिखाएलच्या सणापर्यंत, म्हणजे दीड महिन्यात, प्रत्येक पाद्र्याने घरातली बाई बाहेर काढावी, नाहीतर त्याने वेदीला हात लावू नये.

घरातली बाई! तोके, पाद्र्याची बायको होऊन एकोणचाळीस वर्षं झाली रे. लग्नात तू माझ्या झग्याचा घोळ धरून चालला होतास आणि बारा वर्षांचा असूनही केकसाठी रडला होतास. माझी तीन लेकरं या चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. आणि मी म्हणे घरातली बाई.

माझा चेहरा बघून तुझा राइनर जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "अहो बाई, एवढं काय मनाला लावून घेता? यादीत तुमचं नाव स्वयंपाकीण म्हणून घालतो की. स्कोने प्रांतातल्या निम्म्या पाद्र्यांकडे सध्या स्वयंपाकिणी आहेत. केटिलबाबांनी फक्त शपथ घ्यायची, की घरात बायको नाही म्हणून. झालं."

केटिलने हातातली सुरी खाली ठेवली. तो म्हणाला, "नाही जमायचं."

"का हो?"

"वेदीसमोर एकदा खोटं बोललोय. दुसऱ्यांदा नाही बोलणार."

राइनरने कान टवकारले. "कधी? कशाबद्दल?"

केटिल उठला आणि डुकरांना खायला घालायला बाहेर निघून गेला. राइनर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या ताटात आणखी कोबी वाढला.

गावात तुझ्या हुकमाची काय चर्चा झाली, ते ऐकायचंय? शेजारची बोथिल विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "पाद्र्याला बायको नको? मग आमच्या नवऱ्यांनी आम्हाला कडीकुलपात ठेवायचं की काय?" सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या. ते गप्प होणं मला जास्त लागलं.

आता तुझं पत्र. हुकमाच्याच पिशवीतून ते आलं, त्याच माणसाच्या हातून. हुकमावर मोठी मोहोर आणि पत्रावर छोटी. पत्रात तू किती गोड लिहिलं आहेस! ताईची तब्येत कशी आहे, ताईच्या हातचं मधाचं पेय आठवतं. आणि शेवटी मागणी: आईचा हातमोजा पाठव. लुंडला मोठ्या वेदीजवळच्या पेटीत ठेवायचा आहे. 'देव जिथे बोलला त्या हाताची खूण.'

पाच दिवस मी उत्तर देण्याचं टाळलं. म्हटलं, कापणी आहे, वेळ नाही. खोटं. वेळ होता.

तीन वर्षांमागे ईस्टरला मी लुंडला आले होते, तेव्हा खांबाआडून तुझं प्रवचन ऐकलं. आईच्या हाताची गोष्ट तू सांगत होतास. बाबा समुद्रापलीकडच्या वेंड लोकांवरच्या स्वारीवरून परत आले आणि आठव्या महिन्यात तू जन्मलास. बाबा गेल्यावर दोन्ही काका उठले, म्हणाले, हा पोरगा आमच्या भावाचा, ओसूरचा नाहीच, याला जमिनीत वाटा नाही. मग आईने लोखंडाचं दिव्य केलं. बुधवारी तापलेली लोखंडी पट्टी उजव्या हातात घेऊन नऊ पावलं चालली. हातावर मोजा चढवून मोहोर लावली. शनिवारी बारा माणसांसमोर मोहोर तोडली आणि हात स्वच्छ निघाला. सात वर्षांचा तू तिथे उभा होतास, आणि त्याच क्षणी तू स्वतःला देवाला देऊन टाकलंस. लोक रडत होते. माझ्या शेजारची बाई तर हुंदके देत होती. मी नाही रडले. मला चर्चमधून पळून जावंसं वाटत होतं.

कारण तिथे मीही होते, तोके. तुला आठवत नसेल. चौदा वर्षांची होते. हात धुवायचं पाण्याचं तसराळं मी धरलं होतं, पाद्र्याच्या अगदी बाजूला. त्या साली टोलेबीला नवा पाद्री आला होता, चोवीस वर्षांचा, दाढीही धड न आलेला. केटिल.

त्याने मोहोर तोडली, मोजा थोडा खाली ओढला. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं.

हात पिकला होता.

तळवा सगळा फुटला होता, वास येत होता. केटिलची पाठ त्या बारा जणांकडे होती. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू आईचा झगा मुठीत धरून उभा होतास आणि तुझी एक चप्पल सुटलेली होती. मग त्याने चटकन पांढरं फडकं हाताला गुंडाळलं, हात वर धरला आणि ओरडला, "स्वच्छ!"

थोरले काका पुढे आले. "आम्हाला बघू दे."

"अभिषेक झालेल्या डोळ्यांनी पाहिलंय," केटिल म्हणाला. "ज्याला संशय असेल त्याने लोखंड उचलावं. निखारे अजून आहेत. कोण येतंय?"

कोणी आलं नाही. आवाज केवढा होता त्याचा! आणि गुडघे थरथरत होते, ते फक्त मला दिसत होतं. माझं लग्न पाच वर्षांनी झालं म्हणतात लोक. माझ्या हिशेबाने त्याच दिवशी झालं.

आई मग आयुष्यभर तो मोजा घालूनच राहिली. लोक म्हणायचे, काय ही भक्ती! दही घुसळताना मोजा, जेवताना मोजा. परदेशातून शिकून आलास तेव्हा तू गुडघे टेकून त्या मोज्यावर ओठ ठेवलेस. तिने मान फिरवली. तुला वाटलं असेल, विनय. तिची दोन बोटं कधीच उघडली नाहीत रे. हंसाची चरबी लावून मी ती चोळायचे.

आणि ऐक, मनात पाप आणू नकोस. तू बाबांचाच आहेस. तुझं नाक बघ ना आरशात! वेळेआधी जन्मलास एवढंच, त्या डुकराच्या पिल्लासारखा. आईने मरताना माझा हात धरून विचारलं, "गुनवोर, मी खरंच बोलत होते गं. मग हात का पिकला? देवाचा माझ्यावर विश्वास नव्हता का?" शेवटचा प्रश्न हाच. पंचवीस वर्षं ती बाई या एकाच प्रश्नासोबत जगली, आणि मी तिला उत्तर देऊ शकले नाही. केटिललाही ते जमलं नाही. तो त्या शनिवारपासून लोकांचे कबुलीजबाब ऐकतो, पण स्वतःचा कोणाला देत नाही.

म्हणून या वसंतात तुझा पहिला हुकूम आला, की यापुढे कोणत्याही पाद्र्याने लोखंडावर आशीर्वाद म्हणायचा नाही, दिव्य बंद, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? तो कागद घेऊन आईच्या थडग्याशी गेले आणि मोठ्याने वाचून दाखवला. लोखंड भाजतं, बस. खऱ्यालाही भाजतं आणि खोट्यालाही. देव तुझ्यावर रागावला नव्हता गं आई, तुझ्याच पोराने लिहून पाठवलंय. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला, की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले.

आणि त्याच हाताने तू हा दुसरा हुकूम लिहिलास!

तू म्हणशील, ताई सौदा करते आहे. मोज्याच्या बदल्यात नवरा मागते आहे. नाही. केटिलला मी हे पत्र इथवर वाचून दाखवलं. त्याने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "पाठव. खरं आहे ते कळू दे त्याला. पण माझ्यासाठी काही मागू नकोस." म्हणून त्याच्यासाठी मागत नाही. तो शपथ घेणार नाही. तू वेदी काढून घेतलीस तर तो देईल. चव्वेचाळीस वर्षं ज्या वेदीशी उभा राहिला तिला एकदा हात लावेल आणि घरी येईल. मग काय करेल, मला माहीत नाही. मला त्याच विचाराची भीती वाटते.

मी माझ्यासाठी मागते आहे. तुझ्या पुस्तकांत काय लिहिलंय ते मला कळत नाही. तू शिकलास त्या पॅरिसला बायकोवाल्या पाद्र्यांबद्दल काय म्हणतात तेही नाही. मला एवढंच कळतं की ज्या माणसामुळे तुला जमीन मिळाली, शाळा मिळाली, ही अंगठी मिळाली, त्याने ते देवाला घाबरत केलं आणि तुझ्यासाठी केलं. आणि मी त्या माणसाचं अंथरूण, त्याचं ताट, त्याचे गुडघे सांभाळले. हे पाप असेल तर माझ्या नावावर लिही. पण लिहिताना नाव नीट लिही.

मोजा सोबत पाठवते आहे. तुझा आहे, तूच मागितलास. पेटीत ठेवण्याआधी तो उलटा कर. आतल्या लोकरीवर जे डाग आहेत ते पंचवीस वर्षं धुऊन निघाले नाहीत. मग तुला वाटलं तर ठेव वेदीजवळ. मला वाटतं आईला आवडेल. पण प्रवचनात देव बोलला असं म्हणू नकोस. एका पोरसवदा पाद्र्याला दया आली, असं सांग.

संत मिखाएलच्या दिवशी मी इथेच असेन, चुलीपाशी. कुठेही जाणार नाही. मला बाहेर काढायचं असेल तर राइनरला पाठवू नकोस, तू स्वतः ये. दारात उभा राहा आणि मला ज्या नावाने हाक मारायची त्या नावाने मार. मधाचं पेय तयार ठेवते. बाहेर काढायला आलास तरी आणि ताई म्हणून हाक मारलीस तरी, दोन्हींसाठी चालेल.

केटिल नमस्कार सांगतो. गुडघ्यांना थंडीआधी लोकर हवी, ती मी विणते आहे.

तुझी ताई,
गुनवोर,
केटिलची बायको