डेन्झिलचा कान

प्रिय शालन,

तुझ्या शेजारचा फ्लॅट अजून रिकामा आहे, हे तू प्रत्येक फोनवर सांगतेस. आता त्या फ्लॅटचीच मला दया येऊ लागली आहे. आपलं ठरलं होतं की शरदातल्या वादळांआधी छप्पर झालं नाही, तर हे घर विकून मी सांगलीला यायचं. त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुझा इलाज नाही.

तर छप्पर. आपण ज्या पाटीवर बाराखडी गिरवली, तोच दगड इथे कॉर्नवॉलात घराच्या डोक्यावर असतो. दगड अमर, पण समुद्राची खारी हवा त्याचे खिळे खाते. माझा हॅरी देवाघरी गेल्यापासून प्रत्येक वादळात एखादी पाटी अंगणात येऊन पडायची, जणू माझी विचारपूस करायला. खाली मोठ्या, वर जाता जाता लहान होत जाणाऱ्या पाट्या चुन्यात बसवायच्या, ही इथली जुनी रीत. ती जाणणारा आमच्या किनाऱ्यावर एकच उरलाय, डेन्झिल पास्को. विधुर. माझ्याहून दोन-चार वादळं जास्त पाहिलेला.

वसंतात त्याने सगळं छप्पर उतरवून अंगणात ढीग घातला. जुनी पाटी दोन बोटांवर तोलायची, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकायची. खणखणीत वाजली तर पुन्हा छपरावर, बद्द वाजली तर भरावात. बद्द म्हणजे आत तडा. अशी एक जरी वर गेली तरी वादळात फुटते आणि आसपासची ओळ सैल करते. मी कपडे वाळत घालता घालता ऐकत होते. घंटेसारखी वाजलेली एक पाटी त्याने भरावात फेकली. मग मडक्यासारखी बद्द वाजलेली एक चांगल्यांत नेऊन ठेवली. मला वाटलं, असेल काही गूढ विद्या. पण पुन्हा तेच झालं, तेव्हा राहवेना.

"डेन्झिल, अरे, ती चांगली वाजली की!"

"लाडके, तू तुझी पुस्तकं बघ, दगड माझ्याकडे."

कुंपणापलीकडून त्याची चुलत बहीण लव्हडे ओरडली, "त्याला काय सांगतेस? त्याच्या घरी किटली शिट्ट्या मारून मारून मरते, आणि हा पेपर वाचत बसतो!"

ती हसत आत गेली. डेन्झिल मात्र ढिगावरच बसला. खाली बघत म्हणाला, "तिला वाटतं मी आळशी आहे. बारीक आवाज मला येतच नाहीत गं आता. ज्याला पाटी ऐकू येत नाही, त्याला छपरावर कोण चढवेल?"

शालन, खरं सांगते, त्या क्षणी तुझा तो फ्लॅट मला ग्रिलसकट डोळ्यांसमोर दिसला. दुसरा कारागीर मिळणार नव्हता. मी पदर खोचला, म्हणजे इथे स्वेटरच्या बाह्या वर केल्या, आणि म्हटलं, "हात तुझे, कान माझे. चल, पहिल्यापासून."

तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला शब्दप्रमाण घोकलं होतं, म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द हाच पुरावा, ते असं अंगणात उपयोगी पडेल असं गुरुजींना स्वप्नातही वाटलं नसतं. तो ठोकायचा, मी खणखणीत पाटीला "आस्तिक", बद्द पाटीला "नास्तिक" असा निवाडा द्यायचे. आता तोही अस्खलित "नास्तिक!" म्हणून तडकलेली पाटी भिरकावतो. लव्हडे केशराचे पाव घेऊन कुंपणावर टेकायची. "बाई, तुझा नवरा याच अंगणात खेकडे सोलायचा, आणि तू दगडांची परीक्षा घेतेस!"

आणि त्या "लाडके"ने दचकू नकोस. इथे पाववाला, पोस्टमन, बसचा ड्रायव्हर, सगळेच सगळ्यांना "लाडके" म्हणतात. नवी असताना मी हॅरीकडे तक्रार केली, तर हसता हसता त्याने चहा सांडला होता. आपल्याकडच्या "अहो ताई"इतकाच त्या शब्दाचा भाव. डेन्झिल सबंध उन्हाळा मला लाडके म्हणत होता आणि मी निर्धास्त होते.

छप्पर वेळेत पुरं झालं, आणि परवा पहिलं वादळ येऊन गेलं. घरात थेंब नाही, अंगणात पाटी नाही. काल डेन्झिल आढं तपासायला वर चढला. मी खाली शिडी धरून उभी. वरून हाक आली, "वैजयंती." चारही अक्षरं धड! कधी, कुठे घोकली असतील कोण जाणे. शिडी हलली, ती मीच हलवली असणार. आढ्याकडेच तोंड करून तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?" मी आपल्या घरच्या वळणाप्रमाणे हळूच "हो" म्हटलं. त्याला काय ऐकू येणार! मान खाली घालून उतरू लागला. "राहू दे. विचारलंच नाही असं समज." मग मात्र शालन, आयुष्यात ओरडले नव्हते अशी ओरडले, "हो म्हणतेय मी, बहिऱ्या! हो!" धक्क्यावरच्या होड्यांतून टाळ्या आल्या. संध्याकाळच्या आत गुत्त्यातल्या मंडळींनी आम्हाला न विचारता वसंतातली तारीखही ठरवली. तेव्हा तो फ्लॅट आता एखाद्या गरजूला जाऊ दे, आणि तू लग्नाला ये. माझ्यासाठी साठवलेल्या शिव्या इथे येऊनच दे. त्याला द्यायच्या असतील, तर जरा मोठ्याने.

कोरड्या घरातून, तुझीच,
ताई