खंडेनवमीची बंदूक

२७ सप्टेंबर, शनिवार

बंदूक आणली घरात! खालच्या मजल्यावरची जर्मन लिंडनर बाई घर सोडून वृद्धाश्रमात चाललीय. तिचं केलर, म्हणजे तळघर, रिकामं करायला जावई गेले ते चादरीत गुंडाळून हे धूड घेऊन वर आले. तिच्या सासऱ्याची म्हणे, मोठ्या लढाईतली. मी म्हटलं, "चारुदत्तराव, घरात पोर आहे." तर — "आई, डेको आहे हो. शोभेची. उडत नाही." कोण म्हणालं? लिंडनर बाई म्हणाली! तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.

मीनल माझ्याच पोटची, पण री ओढते नवऱ्याची. "असू दे गं, हौस आहे त्याची."

२८ सप्टेंबर

रविवार सगळा बंदुकीत गेला. प्रत्येक तुकड्यावर बारीक आकडे ठोकलेत. नळीवर लांब नंबर, बाकी सगळ्यावर त्यातले शेवटचे दोन — ४७. मला टॉर्च धरून बसवलं. मी वाचायचं, त्यांनी भिंगातून खात्री करायची. चाप, ४७. पट्ट्याची कडी, ४७. मागचा दांडा — त्याला बोल्ट म्हणतात — त्यावरही तेच. स्क्रूवरसुद्धा! जुळलं की मला टाळी. "आई, एकही पार्ट बदललेला नाही! ओरिजिनल!" इकडे माझी आमटी करपली.

नात, अन्वी, दारात उभी. "आजी, इस्ट दी एश्ट?" — खरी आहे का, विचारत होती. मी तिला आतल्या खोलीत पिटाळलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मीनल सांगते, जावई दरवर्षी लॅपटॉपला आणि स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू लावतात आणि दरवर्षी तेच रडगाणं — साताऱ्याला आमच्याकडे तलवार पुजायचे. यंदा पाटावर बंदूक. झेंडू नव्हता, शेवंती वाहिली. फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, खरं शस्त्र, सर्व पार्ट ओरिजिनल. मी म्हटलं, गावाला कशाला दाखवता? "आई, तुम्ही फार घाबरता."

संध्याकाळी उत्कर्षचा फोन. जावयांचा कॉलेजातला मित्र, स्टुटगार्टला असतो, तिथल्या नेमबाजीच्या क्लबात जातो. फोन स्पीकरवर होता. "अरे गाढवा, आधी ग्रुपवरून फोटो काढ तो! शोभेची असती तर नळी बुजवलेली असती, बोल्ट कापलेला असता, वर नवा शिक्का असता. सगळं ओरिजिनल म्हणजे चालू बंदूक. लायसन्स कुठाय तुझं?"

चारुदत्तराव हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

२ ऑक्टोबर, दसरा

श्रीखंडाला कोणी हात लावला नाही.

उत्कर्षने सांगितलं होतं, बोल्ट काढून तोंडाकडून सळई घालून बघ, शोभेची असेल तर मध्ये अडकेल. पडद्याची बारीक सळई काढली. जावयांनी बंदूक धरली, सळई मी घातली. मनात म्हणत होते, अडक, अडक. सरळ मागून बाहेर आली! कुठे म्हणून अडकली नाही.

मग पुन्हा भिंग. नवा शिक्का शोधा, चुकलेला नंबर शोधा. लाकूड सुटं केलं. आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी — ४७. रविवारी टाळ्या देणारा माणूस आज देवाला म्हणतोय, एक तरी पार्ट खोटा निघू दे.

३ ऑक्टोबर

आज इथे सुट्टी. सगळं बंद, रस्ता गप्प. जिन्यात पाऊल वाजलं की तिघेही दाराकडे बघतो.

पुढच्या गुरुवारी जावयांच्या जर्मन नागरिकत्वाची अपॉइंटमेंट. मीनल म्हणते, गुन्हा नोंदला तर ते गेलंच, मग नोकरीचं काय, आपण राहायचं कुठे? तिला तिसरा महिना. ओकाऱ्या आणि रडणं, दोन्ही चालू. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली, नोव्हेंबरात परत जाणार, बाळंतपणाला पुन्हा येणार.

जावयांचं आपलं, "टाउनुसच्या जंगलात नेऊन टाकतो." उत्कर्ष फोनवर ओरडला, "घराबाहेर काढलीस तर तो आणखी एक गुन्हा! आहे तिथे ठेव आणि स्वतःहून पोलिसांना कळव." "हो हो, उद्या करतो." उद्या!

४ ऑक्टोबर

तो फोटो काढायच्या आधीच कोणीतरी पुढे पाठवलाय. दुपारी जवळच्या बाड हॉम्बुर्गहून मंडळातल्या ज्ञानदाचा फोन — "काकू, बंदूक बघायला येऊ का?" माझ्या हातातलं लाटणंच पडलं.

५ ऑक्टोबर

बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. झोप नाही. उद्या अन्वीची शाळा. बंदूक खरी आहे हे आता तिलाही कळलंय. ती सांगणारच. पोरं सांगतातच.

सकाळी मी सरळ म्हटलं, "चारुदत्तराव, शाळेतून पोलिसांना फोन गेला तर तुम्ही लपवलीत असं होईल. तुम्ही केलात तर सांगितलीत असं होईल. लावा." म्हणाले, "आई, तुम्हाला इथलं कळत नाही." म्हटलं, "नाही कळत. लावा." मीनल पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलली — "लाव रे."

लावला. पोलीस उद्या सकाळी येणार. तोवर कोणी हात लावायचा नाही म्हणे.

६ ऑक्टोबर

आले. एक बाई, एक पोरगेला पुरुष. हातमोजे घालून बोल्ट काढला, नळीतून खिडकीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. मग बाईने विचारलं, घरात कोणी आणली? एवढं जर्मन मला कळलं. चारुदत्तराव जमिनीकडे बघत होते. मी छातीवर हात ठेवला. "इख." मी.

मीनल ओरडली, "आई!" मी तिच्याकडे बघितलंच नाही. पासपोर्ट मागितला, दिला. ते काय काय बोलले, सगळं त्यांनी लिहून घेतलं. जावयांनी मागून हळू आवाजात सांगितलं, गुन्हा तुमच्या नावावर नोंदतायत, आता पुन्हा व्हिसा मिळणं अवघड आहे.

विहीणबाईंना कळवायला हवं — एप्रिलात मीनलच्या बाळंतपणाला तुम्ही जा. तिला डिंकाच्या लाडवात खोबरं जास्त लागतं.